गंजलेल्या पट्टीचं वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय, काटा खराब आहे का?

खारीहवा_डिप्लोमा

नमस्कार सगळ्यांना. मी रत्नागिरीत डिप्लोमा मेकॅनिकल, शेवटचं वर्ष. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट असा की समुद्राच्या हवेत एमएसची (साध्या पोलादाची) पट्टी किती गंजते ते वजनावरून काढायचं. ७५ बाय ५० मिमी, २ मिमी जाड अशा पट्ट्या कापून घेतल्या, वर टांगायला ६ मिमीचं भोक, पॉलिश पेपर मारला, अ‍ॅसिटोनने पुसल्या, वजनं लिहून ठेवली आणि भाट्याच्या बाजूला एका मित्राच्या गच्चीवर नायलॉनच्या दोरीने टांगल्या. फेब्रुवारी ते मे, मोजून ९० दिवस. आता काढल्यात तर पट्ट्या लालभडक झाल्यात, हात लावला की भुकटी लागते, आणि वजन केलं तर ५८.५१२ ग्रॅमची पट्टी ५८.९१७ भरली!! म्हणजे ४०५ मिग्रॅ जास्त. बाकीच्या दोन पट्ट्यांचंही तसंच. काटा तीन डेसिमलचा आहे, स्टँडर्ड वजन ठेवून पाहिलं, बरोबर दाखवतोय. सर म्हणतात मेथडचं नावच वेट लॉस आहे, लॉस आलाच पाहिजे, परत करा. आता पाऊस तोंडावर आलाय, परत काय करणार.

दुसरं म्हणजे सरांनी असंही सांगितलंय की थोडा गंज खरवडून मफल फर्नेसमध्ये (लॅबमधल्या बंद भट्टीत) तापवा आणि त्याचं वजन किती उतरतं बघा. किती टेम्परेचरला, किती वेळ, काही सांगितलं नाही. कोणी केलंय का असं काही? अर्जंट आहे.

कुपनवाला

काटा ठणठणीत आहे रे, काळजी करू नको. आणि परत पण काही करायचं नाही, तुझं काम अर्धंच झालंय एवढंच. मी पाइपलाइनच्या गंजाचं मॉनिटरिंग करतो, आमच्याकडे या पट्ट्यांना कुपन म्हणतात.

गंज म्हणजे नुसतं लोखंड नाही, त्यात हवेतला ऑक्सिजन आणि पाणी येऊन बसलंय. गंजात गोएथाइटच्या जातीची (लोखंड, ऑक्सिजन आणि हायड्रोजन मिळून झालेली) संयुगं जास्त असतात, त्यात ५५.८५ ग्रॅम लोखंडाचे ८८.८५ ग्रॅम होतात. म्हणजे पट्टीचं १ ग्रॅम लोखंड खाल्लं गेलं तर जवळजवळ १.६ ग्रॅम गंज तयार होतो, आणि तो जोपर्यंत पट्टीला चिकटून आहे तोपर्यंत काट्यावर वजन वाढलेलंच दिसणार. काटा तुला गेलेलं वजा आलेलं एवढं एकच दाखवतो. पासबुकातली शिल्लक वाढली म्हणजे खर्च झालाच नाही असं नसतं ना, तसंच.

तर आता गंज काढायचा, पण तो असा की खालचं चांगलं लोखंड जाता कामा नये. एएसटीएम जी१ आणि आयएसओ ८४०७ हे दोन्ही स्टँडर्ड यावरच आहेत. त्यातलं क्लार्क सोल्यूशन सगळ्यात प्रसिद्ध, पण त्यात अँटिमनी ट्रायऑक्साइड पडतं, वापरून झाल्यावर ते टाकायचं कुठे हा प्रश्न, कॉलेजच्या लॅबला नको तो ताप. त्यापेक्षा हे कर: ५०० मिली कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल, ३.५ ग्रॅम हेक्झामिन, डिस्टिल्ड वॉटरने १ लिटर. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही, आणि फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढणारं लॅबचं कपाट), चष्मा आणि हातमोजे घालून, लॅब असिस्टंटला शेजारी उभं करून. हेक्झामिन कशाला तर ते लोखंडावर बसून अ‍ॅसिडला अडवतं, गंज विरघळतो पण धातू फारसा जात नाही. रूम टेम्परेचरला १० मिनिटं बुडव, नळाखाली मऊ ब्रशने घास, अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने धू, वाळव, थंड झाल्यावर वजन कर. परत बुडव, परत वजन. वजन आधी भराभर उतरेल आणि मग अगदी थोडं थोडं, तिथे थांबायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे नव्वद टक्के प्रोजेक्टमध्ये कोणी करत नाही: एक कोरी, न टांगलेली पट्टी त्याच सोल्यूशनमध्ये तेवढाच वेळ बुडव. तिचं जे वजन जाईल ते अ‍ॅसिडने खाल्लेलं, ते नंतर वजा करायचं. याला ब्लँक म्हणतात. कोरी पट्टी ठेवलीयेस ना?

खारीहवा_डिप्लोमा

हो सर आहे, दोन एक्स्ट्रा कापल्या होत्या त्या वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये तेल लावून ठेवल्यात.

ग्राइंडर_भाऊ

एवढं अ‍ॅसिड बिसिड कशाला, वायर ब्रश मारला की गंज गेला, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात रस्ट रिमूव्हर मिळतो, शंभर-दोनशे रुपयात काम

कुपनवाला

भाऊ गेट रंगवायचं असेल तर तुमचंच बरोबर. इथे मिलिग्रॅम मोजायचेत. वायर ब्रशने वरचा भुसभुशीत गंज जातो, खड्ड्यांत घट्ट बसलेला तसाच राहतो, आणि जोर लावला की चांगलं लोखंडही निघतं, किती निघालं ते कळायचा मार्ग नाही. दुकानातले बरेच रस्ट रिमूव्हर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचे असतात, ते लोखंडावर काळपट फॉस्फेटचा थर सोडून जातात, रंग धरायला तो मस्त, पण आपल्या हिशेबात परत नवीन वजन येऊन बसलं की.

रोलिंगमिल_जालना

बाहेरून वाचतोय पण राहवेना म्हणून लिहितो. आमच्या जालन्यात हाच घोळ रोज टनात होतो बघा. बिलेट (सळी लाटायचा पोलादाचा ठोकळा) रीहीटिंग फर्नेसमधून लालबुंद होऊन बाहेर येतं तोवर त्याच्यावर स्केलचा (लोखंडाच्या ऑक्साइडचा) थर चढलेला असतो, रोलमध्ये गेलं की पापुद्रे खाली पडतात. याला आम्ही बर्निंग लॉस म्हणतो, टक्का-दोन टक्के तरी जातोच, फर्नेसमध्ये हवा जास्त सोडली किंवा रोल थांबले आणि माल आत तापत पडला की वाढतो. मालक म्हणतो स्केल किती निघाली वजन करा म्हणजे लॉस कळेल. अहो पण स्केलमध्ये ऑक्सिजन आलाय ना! एवढ्या तापमानाला जी स्केल बनते ती बहुतेक सगळी वुस्टाइटची, त्यात लोखंड वजनाने ७७ टक्क्यांच्या आसपास, वरच्या पातळ थरात मॅग्नेटाइट त्यात ७२, आणि अगदी वर हेमॅटाइट त्यात ७०. थंड होताना आणि पडून राहिल्यावर अजून थोडी बदलते. म्हणून १०० किलो स्केल उचलली तर लोखंड गेलं ते ७०-७५ किलोच्या आसपास धरायचं, १०० नाही. तसं बघितलं तर खरा हिशेब दुसऱ्या बाजूनेच लागतो, आत गेलेल्या बिलेटचं वजन वजा तयार सळी वजा एंड कटिंग वजा मिसरोल (रोलमध्ये बिघडलेला माल), जे हिशेबाला लागत नाही तो बर्निंग लॉस. त्यात चोरी पण येते ती गोष्ट वेगळी 😄

फळा_आणि_खडू

साताऱ्याजवळ शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी नववीला विचारतो, जळालं की वजन कमी होतं का वाढतं, सगळा वर्ग एका सुरात ‘कमी’. मग भांडी घासायची बारीक लोखंडी वूल घेतो, काट्यावर पत्र्याच्या ताटलीत ठेवतो, ९ व्होल्टच्या बॅटरीची टोकं लावली की ठिणग्या सरपटत जातात आणि काट्यावरचा आकडा वर चढतो. पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. (लोखंडीच घ्यायची, स्टेनलेसची घासणी चालत नाही, आणि काट्यावर जाड टाइल ठेवून मगच.)

मेणबत्तीचं उलट का दिसतं तर तिचा ऑक्साइड उडून जातो. १ ग्रॅम पॅराफिन जळलं की सुमारे ३.१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १.३ ग्रॅम पाणी तयार होतं, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या जवळपास माल झाला, फक्त तो काट्यावर राहिला नाही. लोखंडाचा राहतो. बाकी दोन्हीकडे ऑक्सिजन येतोच.

यावरून तर युरोपात शंभर एक वर्षं वाद चालला होता. जळताना वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडतं असं मानायचे, मग धातू तापवल्यावर जड का होतात याला उत्तर नसायचं, काहींनी तर फ्लॉजिस्टनला उणे वजन असतं इथपर्यंत मजल मारली. लव्हाझिएने १७७२ मध्ये गंधक आणि फॉस्फरस जळल्यावर वजन वाढतं असं लिहून सीलबंद पाकीट फ्रेंच अकादमीत जमा करून ठेवलं, आणि नंतर कथील बंद भांड्यात तापवून दाखवलं की भांडं बंद आहे तोवर एकूण वजन बदलत नाही, उघडलं की हवा आत शिरते आणि मगच वाढतं. पोरा, तुझ्या सरांना व्हायव्हात हे सांग, खूश होतील. किंवा नाही होणार 😀

राखेचा_हिशेब

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून मी लिहितो, चंद्रपूरकडे कोळशाच्या लॅबमध्ये असतो, मफल फर्नेस म्हणजे आमचं रोजचं.

सगळ्यात आधी, गंज खरवडायचा असेल तर तो अ‍ॅसिडमध्ये बुडवायच्या आधी, नंतर हातात फक्त पिवळं पाणी राहील. तीनपैकी एक पट्टी यासाठी सोडून दे. आणि खरवडताना लोखंडी पातं नको, प्लास्टिकची पट्टी किंवा लाकडी चमचा घे, कारण लोखंडाचे कण पावडरीत आले तर ते तापल्यावर ऑक्सिडाइज होऊन १ ग्रॅमचे १.४३ ग्रॅम होतात आणि सगळा हिशेब उलटा फिरतो. चुंबक फिरवून बघ म्हणणार होतो, पण गंजात मॅग्नेटाइट असतो तोही चुंबकाला चिकटतो, तेव्हा राहू दे.

क्रुसिबल (तापवायची छोटी वाटी) सिलिकाची घे, नाही मिळाली तर पोर्सिलेनची. रिकामी क्रुसिबल आधी ५०० ला तापवून, डेसिकेटरमध्ये (आत ओल शिरत नाही असं बंद भांडं) गार करून तिचं वजन घे. मग १ ग्रॅमच्या आसपास पावडर टाक. पहिल्यांदा हॉट एअर ओव्हनमध्ये १०५ ला तास-दीड तास, गार कर, वजन, परत अर्धा तास, परत वजन, दोन वजनं जुळेपर्यंत. हे गेलं ते नुसतं ओलाव्याचं पाणी, रत्नागिरीच्या हवेत ते बरंच भरेल, त्यात मीठ पण असणार ते ओल धरूनच ठेवतं. त्यानंतर ५०० ला एक तास. इथे गोएथाइट फुटतो आणि त्याच्या आत बांधलेलं पाणी सुटतं, खरं म्हणजे ३०० च्या आसपासच बरंचसं काम होतं, ५०० खात्रीसाठी. शुद्ध गोएथाइट असता तर १०.१ टक्के वजन उतरलं असतं, मागे राहिलेला लाल माल म्हणजे हेमॅटाइट. तुझा आकडा १०.१ येणार नाही आणि नाही आला म्हणून पुन्हा पुन्हा करत बसू नको. मॅग्नेटाइटचा भाग हवेत तापल्यावर उलट साडेतीन टक्क्यांपर्यंत वजन खातो, मीठ जसंच्या तसं बसून राहतं, समुद्राकाठच्या गंजात क्लोराइडवाला अ‍ॅकागेनाइट असतो त्यातून क्लोराइडही निघतं. म्हणून रिपोर्टमध्ये आकडा दे आणि शेजारी ही कारणं लिही. मात्र ९०० वगैरेला नेऊ नको, मीठ ८०१ ला वितळतं आणि मग हळूहळू उडायला लागतं, ते नुकसान पाण्याच्या खात्यात जमा होईल.

गरम क्रुसिबल काट्यावर ठेवायची नाही म्हणजे नाही. आजूबाजूची हवा तापून वर चढते आणि पॅनला उचलते, वजन कमी दाखवतं, आकडा स्थिर पण होत नाही. नवीन पोरं घाईत हेच करतात आणि मग दोन रीडिंग जुळत नाहीत म्हणून काट्याला शिव्या. डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी आहे का तेही बघ, गुलाबी झाली असेल तर आधी ओव्हनमध्ये वाळव.

फर्नेस बरोबर तापतेय का अशी शंका असेल तर साधी परीक्षा, लॅबमधलं शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट १ ग्रॅम घेऊन ९५० ला तास-दोन तास ठेव, ४४ टक्के उतरलं पाहिजे, तेवढा कार्बन डायऑक्साइड त्यात असतोच. ४० आलं तर फर्नेसचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) खोटं बोलतोय किंवा वेळ कमी पडला. फक्त चुना ओल पटकन ओढतो, गार होताच वजन घे.

बाय द वे वजन वाढायची गंमत आमच्याकडेही आहे.   स्टील प्लांटची स्लॅग, जी सिमेंटमध्ये दळून टाकतात, तिचा लॉस ऑन इग्निशन (तापवल्यावर होणारी वजनातली घट) काढला तर कधी कधी उणे येतो! नाव लॉस आणि आकडा वाढीचा, तुझ्या पट्टीसारखंच, कारण तिच्यातलं सल्फाइड ऑक्सिजन घेऊन सल्फेट होतं. त्यासाठी चक्क करेक्शन आहे, तापवण्याआधी आणि नंतर सल्फेट मोजून फरकाला ०.८ ने गुणून मिळवायचं.

परवडत असेल तर टीजीए करून घे, त्यात सॅम्पल तापत असतानाच वजन सतत नोंदतं, कुठल्या टेम्परेचरला किती गेलं त्याचा ग्राफच मिळतो. मुंबई आयआयटीच्या सैफमध्ये (तिथलं चाचण्या करून देणारं केंद्र) बाहेरचे सॅम्पल घेतात. करणाऱ्याला दोन गोष्टी विचार, गॅस कुठला वापरला (नायट्रोजनमध्ये मॅग्नेटाइट वजन घेणार नाही, हवेत घेईल) आणि रिकाम्या पॅनचा ब्लँक रन वजा केलाय का, कारण गॅस तापून हलका झाला की पॅन आपोआप जड भासते.

खारीहवा_डिप्लोमा

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे खूप आभार. कुपनवाला सर, काल लॅबमध्ये केलं तुम्ही सांगितलं तसं. पहिल्या डिपनंतर ५७.०१३, दुसऱ्यानंतर ५६.९५५, तिसऱ्यानंतर ५६.९५१. कोरी पट्टी प्रत्येक डिपला ४ मिग्रॅ, तीन मिळून १२ मिग्रॅ गेली. पट्टीवर आता बारीक बारीक खड्डे दिसतायत. पुढचं गणित कसं मांडायचं? एरिया मी दोन्ही बाजू अधिक कडा अधिक भोक असा ७९.८ चौसेमी काढलाय.

कुपनवाला

शाब्बास, हे बघ किती सुरेख आलंय. तिसऱ्या डिपला तुझ्या पट्टीचे ४ मिग्रॅ गेले आणि कोऱ्या पट्टीचे पण ४ च, म्हणजे गंज संपला आणि आता अ‍ॅसिड नुसतं लोखंड खातंय. थांबायची जागा हीच.

५८.५१२ वजा ५६.९५१ म्हणजे १.५६१ ग्रॅम, त्यातून ब्लँकचे ०.०१२ काढले की १.५४९ ग्रॅम, १५४९ मिग्रॅ. आता सूत्र: ८७.६ गुणिले वजनातली घट मिग्रॅमध्ये, भागिले घनता ग्रॅम प्रति घनसेमी, एरिया चौसेमी आणि वेळ तासांत यांचा गुणाकार. घनता ७.८६, वेळ ९० गुणिले २४ म्हणजे २१६० तास. उत्तर ०.१०० मिमी प्रति वर्ष, म्हणजे १०० मायक्रॉन. ८७.६ कुठून आला हे व्हायव्हात हमखास विचारतात, वर्षाचे ८७६० तास आणि बाकी एककांची अदलाबदल, दुसरं काही नाही.

अजून एक मजा बघ. १.५४९ ग्रॅम लोखंडाचा सगळाच्या सगळा गोएथाइट झाला असं धरलं तर २.४६ ग्रॅम गंज व्हायला पाहिजे. तुझ्या पट्टीवर होता १.९५ च्या आसपास. म्हणजे अर्धा ग्रॅम गच्चीवर गळून पडला. थोडा अजून गळला असता तर वजन बरोबर आधीएवढंच भरलं असतं आणि तुम्ही ‘रत्नागिरीत गंजतच नाही’ असा निष्कर्ष छापून मोकळे झाला असता 😂

देवगडची_आशाताई

मला टेक्निकल काही कळत नाही पण आमच्या गॅलरीच्या ग्रिलचं सांगा. वर्षाला ०.१ मिमी म्हणजे १० वर्षांत १ मिमी जाणार का? ग्रिलचा बार ६ मिमीचा आहे, घर समुद्रापासून जवळच.

कुपनवाला

ताई, तसा सरळ गुणाकार करायचा नसतो. उघड्या लोखंडावर पहिल्या वर्षी गंज जोरात चढतो, मग त्याचा थर थोडाफार अडवायला लागतो. आयएसओ ९२२४ मध्ये साध्या पोलादासाठी वर्षांचा घात ०.५२३ धरतात, म्हणजे १० वर्षांत पहिल्या वर्षाच्या १० पट नाही तर ३.३ पट. पण हे सरासरीचं, खारा वारा थेट येतो तिथे गंज भुसभुशीत राहतो आणि जास्त जातो. आणि बाराला चहूबाजूंनी हवा लागते, त्यामुळे जाडी दोन्हीकडून कमी होते हे पण धरा. रंग आहे तोवर हे काहीच लागू नाही, रंगाचा पापुद्रा जिथे सुटलाय आणि वेल्डिंगचे जोड आहेत तिथे तेवढं बघा, बार सहसा मधून नाही, जोडाशी तुटतो.

आणि हो @खारीहवा_डिप्लोमा, तुझे ते १०० मायक्रॉन घेऊन आयएसओ ९२२३ च्या टेबलात बघशील तर ८० ते २०० म्हणजे सी५ वर्ग (खूप जास्त गंजवणारी हवा) येतो. पण ‘रत्नागिरी सी५’ असं छापू नको. ते टेबल पूर्ण एका वर्षाच्या पट्ट्यांसाठी आहे, तुझे तीन महिने कोरडे, पावसाचे नाहीत. पावसाळ्यात ओल जास्त पण उघड्या पट्टीवरचं मीठ धुऊनही जातं, वर्षाचा आकडा कुठे जाईल ते असं बसल्या जागी सांगता येत नाही. ‘९० दिवसांचा सरासरी दर’ असंच लिही. आणि खड्डे दिसतायत म्हणालास ना, त्याचा फोटो आणि डेप्थ गेजने खोली पण दे. वजनातून सरासरी कळते, खड्डा एका जागी आरपार गेला तरी वजनात तो काहीच भरत नाही, आमच्या पाइपलाइन गळतात त्या अशाच, कुपनचा आकडा मस्त असताना.

खारीहवा_डिप्लोमा

ओके सर. डेप्थ गेज मेट्रॉलॉजी लॅबमध्ये आहे, विचारतो. खरवडायची पट्टी अजून तशीच आहे, सोमवारी फर्नेस मिळतेय. पावसात अजून एक सेट लावू का?

कुपनवाला

लाव की. या वेळी दोरीवर लोंबकळत नको, लाकडी फ्रेमवर ४५ अंशात, समुद्राकडे तोंड करून, प्लास्टिकचे वॉशर घालून, म्हणजे पट्टी हलणार नाही आणि पाणी साचणार नाही. नंबर पंच करून घाल, मार्करने लिहिलेलं उडतं. आणि निदान तीन कोऱ्या पट्ट्या ड्रॉवरमध्ये.

राखेचा_हिशेब

सोमवारी फर्नेसला जाण्याआधी क्रुसिबलवर नंबर घाल बरं का, तेही मार्करने नाही, ५०० ला तो जळून जातो. फेरिक क्लोराइडच्या पाण्याने लिही, तापल्यावर तपकिरी अक्षरं पक्की बसतात. मात्र लिहून, तापवून मगच रिकामं वजन घे.